कुलपामागचा कारखाना

बर्मिंगहॅम शहराच्या हॉकली भागात व्हाइस स्ट्रीट हा दागिने घडविणाऱ्यांचा जुना रस्ता आहे. तेथील ७७ ते ७९ क्रमांकांच्या इमारतीत ‘स्मिथ अँड पेपर’ ही पेढी होती. १८९९ साली चार्ल्स स्मिथ आणि त्याचा वडीलधारा नातलग एडवर्ड पेपर यांनी तिची स्थापना केली. सोन्याच्या बांगड्या, क्रूस, मनगटाची बटणे असा तिचा माल. सर्पाकृती बांगड्यांसाठी तिचे विशेष नाव होते. चार्ल्सनंतर त्याची मुले एरिक, ऑलिव्ह आणि टॉम यांनी कारभार पाहिला. १९८१ साल उजाडले तेव्हा ही तिन्ही भावंडे वृद्ध झाली होती. पेढी चालवायला घेणारा कोणी पुढे येईना. अखेर त्यांनी काम थांबविले, दाराला कुलूप लावले आणि ती आपल्या घरी गेली.

जाताना त्यांनी आवराआवर केली नाही. हत्यारे बाकांवर होती तेथेच राहिली. कारागिरांचे मळलेले कामाचे डगले खुंट्यांवर लटकत राहिले. चहाचे न धुतलेले कप, मुरंब्याच्या आणि पावाला लावायच्या मार्माइटच्या बाटल्या फळीवर तशाच राहिल्या. कचेरीत कागद होते, कपाटांत ठसे होते. काही वर्षांनी शहराच्या संग्रहालय विभागाची माणसे आत गेली, तेव्हा शतकाच्या आरंभीचा एक कारखाना जसाच्या तसा त्यांच्यापुढे उभा होता. १९९२ साली तो संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला, आणि तेव्हापासून बंद कारखाने कसे पाहावेत याची चर्चा निघाली की या इमारतीचे नाव निघतेच.

बंद पडलेल्या कारखान्यात शिरणारे लोक अनेक प्रकारचे असतात. सर्वांत आधी बहुधा भंगारवाला जातो. त्याला पितळ, तांबे आणि बिडाचे वजन दिसते. त्याच्यामागून जागेचा दलाल जातो; त्याला छपराखालची जमीन आणि तिच्यावर उभे राहू शकणारे मजले दिसतात. गेल्या काही दशकांत तिसऱ्या प्रकारच्या लोकांची भर पडली आहे. पाश्चात्त्य देशांत आणि अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतही, ओसाड कारखाने, रुग्णालये, स्थानके हुडकून काढायची, कुंपण ओलांडून आत जायचे, छायाचित्रे काढायची आणि निघून यायचे, असा छंद अनेक तरुणांना जडला आहे. हा छंद सर्वस्वी निंद्य मानण्याचे कारण नाही. ज्या इमारतीकडे नगरपालिका, मालक आणि इतिहासकार या तिघांनीही पाठ फिरविली, तिचे अखेरचे चित्र कित्येकदा अशा आगंतुकाच्याच हाती लागलेले असते. तथापि गंजलेले यंत्र, फुटलेल्या तावदानातून येणारा तिरपा उजेड आणि जमिनीतून उगवलेला पिंपळ यांत एक सौंदर्य असते, ते पाहून जो परतला त्याने अवशेष पाहिला. कारखाना त्याला दिसलाच असे नाही. कारखाना दिसायला तेथील वस्तू कोणत्या कामासाठी, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या हाताशी ठेवल्या होत्या हे कळावे लागते. आणि हा क्रम अतिशय नाजूक असतो. भिंत शंभर वर्षे टिकते. बाकावरची कानस, चिमटा आणि फुंकणी यांची मांडणी एका दुपारच्या झाडलोटीत नाहीशी होते.

व्हाइस स्ट्रीटच्या कारखान्यात ही मांडणी राहिली म्हणून तो वाचता येतो. दागिने घडविणाऱ्याच्या बाकाला अर्धवर्तुळाकार खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक कारागीर बसे, आणि त्याच्या मांडीशी, बाकाच्या कडेला अडकविलेले एक कातडे असे. कानशीने घासताना पडणारा सोन्याचा कीस त्या कातड्यात गोळा व्हायचा. झाळकाम गॅसच्या ज्योतीवर चाले आणि त्या ज्योतीला वारा कारागीर स्वतःच्या तोंडाने फुंकणीतून घाली. दुसरीकडे वजनदार घण दोरीने वर ओढून ठशावर सोडण्याची यंत्रे आणि हाताने फिरवायची दाबयंत्रे. एकाच इमारतीत नजीकच खातेवह्यांची कचेरी. मालकाचे लक्ष कारागिरावर राहावे आणि सोन्याचा हिशेब दाराबाहेर जाऊ नये, याची काळजी या रचनेत पदोपदी दिसते.

सोन्याचा हिशेब हा तर अशा कारखान्याचा प्राण. या धंद्यात जमिनीवरचा केर कोणी फेकून देत नाही. हात धुतलेले पाणी गाळून घेतात. कामाचे कपडे धुतले की त्या पाण्यातही शोध घेतात. जुनी लाकडी जमीन उखडली तर फळ्या जाळून राख तपासतात. आपल्याकडील सराफकट्ट्यांना यात नवल वाटणार नाही. सोनाराच्या दुकानातील केर आणि भट्टीची राख घेऊन ती धुऊन-चाळून त्यातून धातूचे कण काढणारा झारेकरी हा मराठी मुलखातला जुना व्यावसायिक आहे. बर्मिंगहॅमच्या मालकाने जे काम पद्धतशीरपणे कारखान्यातच बसविले, ते आपल्याकडे एका स्वतंत्र माणसाच्या उपजीविकेचे साधन झाले. काटकसर तीच. मात्र एका ठिकाणी तिचा लाभ पेढीला होई, तर दुसऱ्या ठिकाणी ती एका गरिबाच्या चुलीखाली लाकूड सारीत असे. नुसत्या छायाचित्रातल्या सुंदर धुळीने हा भेद सांगता येत नाही.

या बाकांकडे पाहून हळवे होणाऱ्याने आणखीही काही लक्षात घ्यावे. या धंद्यात आम्लांच्या वाफा होत्या. मुलामा देण्याच्या कामात सायनाइडचे क्षार वापरले जात. घणाचा आवाज दिवसभर कानावर आदळे. तोंडाने फुंकणी फुंकून फुप्फुसांचे काय होत असेल याचा विचार करणारा कायदा पुष्कळ उशिरा आला. ठसायंत्रांवर आणि दाबयंत्रांवर बर्मिंगहॅममध्ये मोठ्या संख्येने स्त्रिया काम करीत, आणि त्यांची मजुरी पुरुषांहून कमी असे. कौटुंबिक कारखाना म्हटले की मालक-मजुरांचे जिव्हाळ्याचे नाते डोळ्यांपुढे आणण्याची एक रीत आहे. ते नाते काही ठिकाणी खरोखर होते. वर्षानुवर्षे एकाच छताखाली काम केल्यावर माणसे एकमेकांच्या लग्नकार्यांना आणि अंत्ययात्रांना जाणारच. परंतु कुटुंब मालकाचे होते, हे विसरता येत नाही. कारखाना बंद करायचा की चालू ठेवायचा हे ठरविताना टेबलाभोवती तीन भावंडे होती. बाकांवरच्यांना तेथे खुर्ची नव्हती.

हॉकलीचा हा भाग ज्वेलरी क्वार्टर म्हणून ओळखला जातो. त्याची घडण मोठी उद्बोधक आहे. १७७३ साली मॅथ्यू बोल्टन याच्या खटपटीने बर्मिंगहॅमला सोन्याचांदीचा कस तपासणारी स्वतंत्र कचेरी मिळाली. नांगराची मुद्रा हे तिचे चिन्ह. त्यानंतर धंदा वाढला. लहान-लहान कारागिरांनी राहत्या घरांच्या मागील अंगणांत कामाच्या खोल्या काढल्या, पुढे त्यांवर मजले चढविले, आणि घर कोठे संपते व कारखाना कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण झाले. कामाची विभागणी तर इतकी बारीक की एक जण ठसे कोरी, दुसरा त्यांवरून छाप काढी, तिसरा झाळी, चौथा चकाकी देई. आणि हे चौघे कित्येकदा चार वेगळ्या पेढ्यांचे, एकाच गल्लीतले असत. विसाव्या शतकाच्या आरंभी या लहानशा भागात तीस हजारांहून अधिक लोक काम करीत होते. आजही तेथे दागिन्यांच्या शेकडो पेढ्या चालू आहेत. त्यामुळे हा सबंध भाग मृत समजण्याची चूक करू नये.

मराठी वाचकाचा या गल्ल्यांशी एक विसरलेला संबंधही आहे. एकोणिसाव्या शतकात जगात वापरल्या जाणाऱ्या पोलादी निबांचा फार मोठा भाग बर्मिंगहॅममध्ये तयार होत असे. जोसेफ जिलट याचा निबांचा कारखाना याच भागातल्या ग्रॅहम स्ट्रीटवर होता. आपल्या शाळांत आणि कचेऱ्यांत बोरूची जागा टाकाने घेतली. दौत, टाक आणि टिपकागद ही सामग्री घेऊन आपल्या कारकुनांच्या पिढ्याच्या पिढ्या जमाखर्च लिहीत बसल्या. टाकाच्या टोकाला लावलेली ती पातळ पट्टी कापणारे, वाकविणारे आणि मधोमध चिरणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आणि मुलींचे होते. वस्तू समुद्र ओलांडून आली. ती कोणी केली हे मात्र तिच्याबरोबर आले नाही.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. स्मिथ अँड पेपरचा कारखाना इतका संपूर्ण का उरला? कारण त्यात दीर्घकाळ फारसे काही बदललेच नव्हते. १९८१ साली तेथे जी यंत्रे आणि जी कामाची रीत होती, ती बव्हंशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली होती. नवे यंत्र आणले नाही म्हणून जुने फेकावे लागले नाही. नवा माणूस भागीदार म्हणून आत घेतला नाही म्हणून घरची घडी मोडली नाही. ज्या गुणांमुळे ही वास्तू इतिहासाच्या विद्यार्थ्याला अमोल ठरली, तेच गुण धंदा म्हणून तिच्या अंगाशी आले असले पाहिजेत. संग्रहालयातल्या कौतुकाच्या पाट्यांमध्ये ही गोष्ट सहसा ठळकपणे लिहिलेली नसते. आपल्याकडेही पिढीजात पेढीचा अभिमान सांगताना ‘आजोबांच्या वेळेपासून आम्ही असेच करतो’ हे वाक्य ऐकू येते. त्या वाक्यात निष्ठा असते आणि बेफिकिरीही असते, आणि त्यांतले काय किती हे पुढच्या पिढीला हिशेबाच्या वहीत कळून येते.

कौटुंबिक कारखान्याचा अंत बहुधा दिवाळखोरीच्या गडगडाटाने होत नाही. मुलगा डॉक्टर होतो, मुलगी परगावी जाते, धाकट्या भावाला संधिवात होतो. मागणी घटत असते, पण पोट भरण्याइतकी असते. यंत्रांना गिऱ्हाईक नसते, कारण ती चालविणारे हात गावात उरलेले नसतात. कर्जाचा बोजा नसल्यामुळे कोणी जप्ती आणीत नाही. एक दिवस दार बंद होते आणि शेजारच्या दुकानदारालाही ते आठवड्याने कळते. मोठी गिरणी बंद पडली की मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न येतात. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याच्या वाट्याला एवढेही येत नाही. त्यातून व्हाइस स्ट्रीटसारखे अखंड अवशेष वाचले तर तो निव्वळ योगायोग होय. मालकांनी जागा लगेच विकली असती, छप्पर गळले असते, किंवा एखाद्या नीटनेटक्या नातलगाने खोल्या स्वच्छ करून घेतल्या असत्या, तर पाहायला काही उरले नसते.

योगायोगावर विसंबायचे नसेल तर काय करावे लागते, याची दोन उदाहरणे त्याच भागात आहेत. फ्लीट स्ट्रीटवर न्यूमन ब्रदर्स या पेढीचा कारखाना होता. १८८२ साली स्थापन झालेली ही पेढी १८९४ पासून या इमारतीत शवपेट्यांच्या कड्या, मुठी, पाट्या आणि क्रूस घडवीत असे. प्रेतवस्त्रेही तेथे शिवली जात. १९४९ साली जॉइस ग्रीन नावाची एक तरुणी तेथे कचेरीत नोकरीला लागली. पत्रव्यवहार आणि हिशेब यांतून वर चढत ती अखेर त्या पेढीची मालकीण झाली. १९९८ साली कारखाना बंद झाला, तेव्हा मालकिणीने जागेचे मिळेल ते मोल घेऊन मोकळे होण्याऐवजी हा कारखाना आहे तसा लोकांसाठी राहावा असा आग्रह धरला. त्या आग्रहाला फळ यायला फार काळ लागला. बर्मिंगहॅमच्या वास्तुसंवर्धन न्यासाने पैसा उभा केला, इमारत दुरुस्त केली आणि २०१४ साली ती संग्रहालय म्हणून उघडली. जॉइस ग्रीन त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. कारखान्याचे महत्त्व ओळखणारी व्यक्ती त्याच्या कचेरीतून आली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आवक-जावक, मजुरी, उधारी आणि तक्रारी यांची नोंद ठेवणाऱ्याला कारखाना सर्व बाजूंनी दिसत असतो. मालकाला माल दिसतो, कारागिराला आपले काम दिसते. कारकुनाला या दोहोंना जोडणारे धागे दिसतात.

दुसरे उदाहरण आल्बियन स्ट्रीटवरच्या जे. डब्ल्यू. इव्हान्स या पेढीचे. ठसे कोरणारा जेंकिन इव्हान्स याने १८८१ साली ती सुरू केली. चार लागोपाठची घरे एकत्र करून त्यांच्या मागे कामाच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि तेथे चांदीची तबके, मेणबत्तीदाने आणि तत्सम वस्तूंचे भाग ठशांवर घडू लागले. तीन पिढ्यांनी काम चालविले. संस्थापकाचा नातू टोनी इव्हान्स थकला, इमारत मोडकळीला आली, तेव्हा २००८ साली इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ती वास्तू आतल्या सामानासकट विकत घेतली. भिंतींना लागून हजारो पोलादी ठसे रचून ठेवलेले होते. दुरुस्ती करताना त्या संस्थेने एक विचित्र वाटणारा नियम पाळला: छप्पर बांधायचे, भिंती सावरायच्या, पण आतील पसारा नीटनेटका करायचा नाही. वस्तू जेथे होती तेथेच राहावी म्हणून आधी नोंद, मग काम. २०११ साली हा कारखाना मर्यादित संख्येने, वाटाड्यासह येणाऱ्या पाहुण्यांसाठी खुला झाला.

या दोन्ही ठिकाणी निर्णय वेळेवर झाला आणि जाणती माणसे हयात असताना झाला. हा मुद्दा वास्तूहूनही महत्त्वाचा आहे. पोलादी ठसा पाहून त्यावर कोणते नक्षीकाम उठत असे हे कळते. त्यावर घण किती उंचीवरून सोडायचा, पत्रा फाटू नये म्हणून मध्ये किती वेळा तापवून घ्यायचा, कोणता ठसा कोणत्या जोडठशाबरोबर वापरायचा, हे ठसा सांगत नाही. ते सांगणारा माणूस सत्तरीत असतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते. व्हाइस स्ट्रीटच्या बाकांवर आज पाहुण्यांना जुन्या रीतीने काम करून दाखविले जाते, तेव्हा ती मांडणी पुन्हा बोलू लागते. माणूस गेल्यानंतर उघडलेल्या कारखान्यात ते साधत नाही.

आपल्याकडचा अनुभव कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाची कारणे आणि त्याची हानी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. पाहण्याची गोष्ट ही की गिरण्या बंद पडत गेल्यावर कायद्याने त्यांच्याकडे काय म्हणून पाहिले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. या सबंध वादात जमीन होती, चटई क्षेत्र होते, कामगारांची देणी आणि घरे होती, आणि देणी व घरे यांचा आग्रह अत्यंत न्याय्य होता. परंतु साचे, मस्टर, पगारपत्रके, नमुन्यांच्या वह्या, जॉबरची टिपणे यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या नियमांत कोठे बसतच नव्हता. यंत्रे भंगारात गेली. लोअर परळच्या एका मॉलच्या अंगणात जुन्या गिरणीचे धुराडे उभे आहे. त्याच्या पायथ्याशी खरेदीला आलेल्या तरुणाला हे काय म्हणून विचारले तर तो शोभेची वस्तू म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. काळाचौकीच्या गिरणीत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना महापालिकेने हाती घेतली खरी, पण ती वर्षानुवर्षे आराखड्यांतून आणि निविदांतून फिरत राहिली.

त्यातल्या त्यात एक काम झाले, आणि ते सरकारने केले नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या तोंडून या वस्तीचा इतिहास उभा केला. २००४ साली तो इंग्रजीत ग्रंथरूपाने आला आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावाने मराठीतही आला. पाळ्या, खाणावळी, तालमी, भजनी मंडळे, युनियनच्या सभा यांची आठवण सांगणारे ते आवाज आणखी दहा वर्षांनी गोळा करायला गेले असते तर कितीसे सापडले असते?

गिरण्यांची वेळ टळून गेली. लहान कारखान्यांची अद्याप सर्वत्र टळलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीला चांदीचे दागिने घरोघर घडतात. पैंजण, जोडवी, साखळ्या यांच्या कामाची वाटणी तेथेही घराघरांत झालेली आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी ठोकली गेली. आजही ठोक्यांचा आवाज तेथून सर्वस्वी गेलेला नाही. हॉकलीच्या गल्ल्यांशी या वस्त्यांचे साम्य वरवरचे नाही: घर आणि कारखाना एकाच छपराखाली, हत्यारे पिढीजात, ज्ञान तोंडी आणि वारसाचा प्रश्न सर्वांपुढे उभा. येथली मुले शिकून शहरात जातात यात खेद करण्यासारखे काही नाही. आईबापांनी त्यासाठीच ठोके मारले. प्रश्न एवढाच की कुलूप लागण्यापूर्वी कोणी वही घेऊन तेथे बसतो की नाही.

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल, आणि तो हलका नाही. ज्या कारागिराला कच्च्या मालाला भांडवल नाही, आजारपणाला आधार नाही, त्याच्या हातोडीची नोंद करायला जाणे ही थट्टा आहे, असे कोणी म्हणेल. स्मिथ अँड पेपरच्या कारागिरांचे १९८१ नंतर काय झाले हे सांगण्यापेक्षा त्यांच्या चहाच्या कपांचे काय झाले हे सांगणे सोपे जाते, हेही खरे. संग्रहालय ही नोकरीची भरपाई नव्हे. तसे जो भासवील त्याच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु नोंद आणि भाकरी यांत वैर असल्याचा हा समज तपासून घेतला पाहिजे. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, त्यात किती कसब आहे, त्याचा मोबदला कोणाच्या खिशात जातो, कोणत्या वयात डोळे आणि मनगटे निकामी होतात, हे लिहून ठेवलेले नसते म्हणूनच तर कारागिराची मागणी कागदावर दुबळी ठरते. जुने मस्टर आणि पगारपत्रक ही इतिहासाची साधने होत. थकलेल्या देण्यांच्या खटल्यात तीच पुरावाही होतात. गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत नाव लागावे म्हणून जुने ओळखपत्र, तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी शोधीत फिरणाऱ्या वृद्धांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि या कामाला फार पैसा लागतो असेही नाही. इमारत राखायला लागतो. नोंद करायला तितका लागत नाही. महाविद्यालयातील इतिहासाचा, अर्थशास्त्राचा किंवा मराठीचा एखादा वर्ग वर्षभर एका गल्लीत गेला, बाकाची मापे घेतली, हत्यारांची त्या-त्या कारागिराच्या तोंडची नावे टिपून घेतली, कोणाकडून काम शिकला आणि कोणाला शिकविले हे विचारले, तर एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना लागेल त्याहून अधिक कागद त्याला लागणार नाही. हत्यारांची ही नावे शब्दकोशांत फारशी नाहीत. ती हरवली तर मराठीचा एक कोपरा त्यांच्याबरोबर हरवेल, आणि तो भरून काढायला पुढे संस्कृतातून शब्द बनविण्याची समिती नेमावी लागेल. शिक्षकांनी हे मनावर घ्यावे. विद्यापीठांनी त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत. आणि जिल्ह्याच्या उद्योग केंद्रांनी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज घेताना जुने कागद आणि ठसे कोठे जाणार एवढा एक रकाना त्यात घालावा. परवाना देताना शंभर प्रश्न विचारणाऱ्या सरकारला धंदा बंद होताना एक प्रश्न विचारणे जड जाऊ नये.

बर्मिंगहॅममध्येही सर्व काही सुखाचे नाही. त्या शहराच्या नगरपरिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याला खर्चाची तोंडमिळवणी करता येत नसल्याची अधिकृत सूचना काढली. कर्मचाऱ्यांची थकलेली समान वेतनाची देणी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणजे स्त्रियांच्या कामाचे मोल कमी धरल्याची जुनी बाकीच अखेर शहराच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून तेथील ग्रंथालये, कलासंस्था आणि सार्वजनिक सेवा यांच्यावरील खर्चाला कात्री लागली आहे. व्हाइस स्ट्रीटवरचे छप्पर गळू लागले तर ते शाकारण्याचे पैसे कोणाच्या खात्यातून यायचे, याचा हिशेब आता त्या शहराला नव्याने मांडावा लागत आहे.